दुसरी घंटी कोठे होती?

श्रीमती सुगुणाबाई राव यांच्या पश्चिम मांबळमच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीत तबकडीचा एक काळा टेलिफोन होता आणि डोक्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती. फोन मुका झाला होता. पदवी मात्र फार बोलत होती. बाईंनी दोघांनाही ताळ्यावर आणले. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात चेन्नईच्या मराठी मंडळातील ज्येष्ठांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. पण बाईंचे माझ्या घरावर जे ऋण आहे ते दुसरे कोणी सांगू शकणार नाही, म्हणून हे धाडस.

फोन माझ्या वडिलांचा, आप्पांचा. आप्पा सांगलीला होमिओपॅथीचे डॉक्टर होते. आई गेल्यावर काही वर्षे ते एकटेच राहिले. मग गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मी त्यांना चेन्नईला माझ्या पोरूरच्या फ्लॅटवर आणले. मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरीला. सकाळी कंपनीची बस मला घेऊन जाई, ती संध्याकाळी आणून सोडी. दिवसभर आप्पा एकटे, आणि कान गेलेले. मोबाइलची बारीक किणकिण त्यांना ऐकू येत नसे. कानातले यंत्र त्यांनी दोन दिवस वापरले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले.

एके दुपारी मी अकरा वेळा फोन लावला. उत्तर नाही. अर्धी शिफ्ट टाकून, रडत, रिक्षाने घरी पोचले, तर आप्पा बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालत होते. माझा चेहरा पाहून ते वरमले. रात्री जेवताना म्हणाले, "तुझ्या जिवाला घोर लावून मी इथे काय करू? मला सांगलीला पोचव." तिथे त्यांच्याकडे पाहायला कोणीही नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. तरी त्यांनी महिनाअखेरचे तिकीट काढायला लावले आणि बॅग भरायला घेतली.

त्यांच्या सामानात हा जुना फोन होता. त्याच्या घंटीच्या पितळी वाट्यांचा जाड आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा, हे मला लहानपणापासून आठवत होते. तो वाजला तर आप्पांना ऐकू येईल, असे मनाने घेतले. घरच्या इंटरनेटच्या डबीला तो जोडला. बोलणे ऐकू येई, घंटी काही वाजेना. मी व्हिडिओ पाहून कपॅसिटर बदलला, दोन तारा इकडच्या तिकडे केल्या. फोन ढिम्म. शेवटी मंडळातल्या एका काकूंनी सुचवले, "सुगुणाबाईंकडे जा. पण शहाणपणा घरी ठेवून जा."

तरुण वाचकांसाठी सांगते. बाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. टेलिफोन खात्याच्या दुरुस्ती विभागात त्यांनी हयात घालवली. त्या रुजू झाल्या तेव्हा टेबलावर हत्यार घेऊन बसणारी बाई कोणी पाहिलेली नव्हती. साहेबांनी त्यांना फोन पुसायच्या कामाला लावले. बाईंनी तक्रार केली नाही. पुसताना प्रत्येक फोन उघडून आतल्या तारांचे चित्र वहीत काढायला सुरुवात केली. वर्षभराने अडलेले पुरुष सहकारी गुपचूप ती वही मागायला येऊ लागले, आणि बाई ती सर्वांना देत. आज निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात फोनदुरुस्तीचा जो वर्ग भरतो, तिथेही तीच वही टेबलावर उघडी असते. ज्ञान झाकून ठेवणाऱ्या माणसांच्या जगात ही गोष्ट लहान नाही.

मी पिशवीतून फोन काढू लागले तर बाईंनी हाताने थांबवले.

"इरु मा, थांब. फोन मग. आधी घर सांग. अस्की सांग, काही सोडूं नको."

"कोणते घर?"

"हा जेथे होता ते. कोण्या खोलींत होता, कोण उचलत होते."

मला हसू आले. मी कपॅसिटर बदलल्याचे सांगितले. बाईंनी विचारले, "जुना कोठे आहे?" मी टाकून दिला होता. "अय्यो. तो मेला होता, हे कोणे सांगितलें तुला?" त्यांच्या वर्गाचा पहिला नियम मला त्या दिवशी कळला: नवा भाग चालेपर्यंत जुना टाकायचा नाही, आणि माणसाला विचारल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.

मी हलवलेल्या दोन तारा त्यांनी वहीतल्या चित्रावरून परत जागेवर लावल्या, घंटीची वेटोळी तपासली, ती शाबूत होती. मग दोन स्क्रूंमधल्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "घरांत दुसरी घंटी होती की? कोठे होती?" मला आठवेना. आप्पांना विचारायला मी मोबाइल लावला. अर्थातच त्यांनी उचलला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिले. तिकीट, बॅग, अकरा फोन, सगळे मी तेव्हाच त्यांना सांगून टाकले.

पुढच्या रविवारी बाई स्वतः पोरूरला आल्या. त्या वयात, दोन बस बदलून, हत्यारांचा डबा काखेत मारून. मी गाडी पाठवते म्हटले तर "परवाल्ले मा, कांही नको" म्हणून मोडीत काढले. वर्कशॉपात वाजलेली घंटी खरी नव्हे, ज्याने ऐकायची त्याच्या घरात वाजली पाहिजे, असे त्यांचे मत आहे.

आप्पांच्या कानाजवळ वाकून त्यांनी विचारले, "कां हो डॉक्टर, दुसरी घंटी कोठे होती?"

आप्पा म्हणाले, "स्वयंपाकघरात. मी व्हिजिटला गेलो की हिची आई फोन घ्यायची, म्हणून तिथे एक बसवून घेतली होती. ती गेली, मग मीच काढून टाकली. वाजली की वाटायचे, ती उठेल."

बाईंनी चष्मा पुसला. मग सावकाश समजावले, की दोन्ही घंट्या एकाच वाटेवर होत्या, एकीतून निघालेला प्रवाह दुसरीतून जाई. मधली घंटी काढली आणि वाट तुटली, म्हणून हाही त्या दिवसापासून मुका. तिच्या जागी एक पट्टी लावायची असते, ती लावायची राहिली. "तुमचा फोन बिघडला नाही, डॉक्टर. कोणे सांगितलें नाही तुम्हांस, इतकेंच."

त्यांनी डब्यातून बोटभर तांब्याची तार काढली, दोन स्क्रूंमध्ये जोडली, आणि इंटरनेटच्या डबीचा जोर कमी म्हणून पितळी वाट्या थोड्या फिरवून त्यांच्यावर आपटणाऱ्या छोट्या हातोडीच्या जवळ आणल्या. मला खाली जिन्यात जाऊन फोन लावायला सांगितले. वॉशिंग मशीन मुद्दाम सुरू केले, आणि आप्पांना बाल्कनीत पाठ करून बसवले.

मी जिन्यात उभी राहून नंबर लावला. दुसऱ्या मजल्यावरून तो जाड आवाज मला खालीच ऐकू आला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तो मध्येच थांबला, आणि माझ्या कानात आप्पांचा दवाखान्यातला, मी कित्येक वर्षांत न ऐकलेला स्वर आला: "डॉक्टर बोलतोय. बोला, काय होतंय?"

मी पायरीवर बसून रडले. वर गेले तेव्हा बाई आप्पांना तारेची जोडणी कागदावर काढून दाखवत होत्या. मोबदल्याचा विषय त्यांनी काढू दिला नाही. एवढीच अट घातली की मी रविवारच्या वर्गाला यावे आणि पहिले सहा महिने फक्त फोन पुसावेत. मी पुसले.

बाईंच्या जिभेला धार आहे, हे त्यांचे चाहतेही नाकारणार नाहीत. चुकीच्या जागी लागलेल्या तारेवर त्या जे बोलतात ते या ग्रंथात छापता येणार नाही. पण चूक करणाऱ्याला त्यांनी कधी परत पाठवले नाही. शेजारी बसवून, फिल्टर कॉफी देऊन, तीच तार पुन्हा लावायला लावली. आज त्या व्हरांड्यात पेरुंगुडीच्या आयटी कंपन्यांतली मुलेमुली येतात, तमिळ, इंग्रजी आणि मोडक्या मराठीत भांडतात, आणि फोन उघडण्यापूर्वी आधी घराची चौकशी करतात. बाईंचे काम पुढे चालणार, याबद्दल मला शंका नाही.

आपल्या लाडक्या सुगुणाबाईंचा हात असाच स्थिर राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि शंभरी गाठताना त्यांच्या टेबलावर उघडलेला एक तरी फोन असो, हीच आम्हा शिष्यांची प्रार्थना. आप्पांनीही नमस्कार कळवायला सांगितला आहे. ते चेन्नईतच आहेत. ते तिकीट तेव्हा रद्द केलेच, पण गेल्या महिन्यात सांगलीला एका लग्नाचे आमंत्रण आले, चार दिवस जाऊन या, असे मी म्हटले, तर ते म्हणाले, "दुपारी तुझा फोन येतो. तो कोण उचलणार?"