श्वास बघणारे मिस्त्री

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, मी राईस मिलच्या गोदामात शिरले आणि मला अकरा मृतदेह दिसले. रिकाम्या बारदान्यावर ओळीने उताणे पडलेले, तळहात आभाळाकडे, काहींची तोंडं उघडी. माझ्या हातात धानाचा ओलावा मोजायचा नवा मीटर होता आणि डोक्यात फूड टेक्नॉलॉजीच्या डिप्लोम्याची हवा. डिप्लोम्यात ओलाव्यावर दोन धडे होते, सामूहिक मृत्यूवर एकही नव्हता. मी ओरडणार तेवढ्यात त्यातल्या सर्वांत पोट सुटलेल्या मृतदेहाने डोळे न उघडता सांगितलं, "मॅडम, चपला भायेर काढा जी. अन् पाच मिन्टं बोलू नोका. आमी सध्या मेलेले हाओ."

ते ताराचंद कापगते, आमचे हेड मिस्त्री. साकोलीहून सानगडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही मिल. तिथली सगळी मशीनं त्यांच्या ताब्यात आणि मशीनवरची माणसंही. जेवण झालं की वीस मिनिटं ते अख्ख्या पाळीला शवासनात घालत. मालकाच्या लेखी हा कामचुकारपणा होता, पण कापगते मिस्त्रींसारखं मशीन कुणाला उमगत नव्हतं, म्हणून तो चालवून घेतला जाई. "दुपारी वीस मिन्टं मेलं का संध्याकाळी मानूस घरी जित्ता पोचते," असं त्यांचं साधं गणित होतं.

योगी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही येतं, त्यातलं मिस्त्रींकडे काहीच नव्हतं. स्वतःच्या पायाचे अंगठे त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिले नसावेत. पवनमुक्तासन शिकवायच्या आधी ते गोदामाची दोन्ही दारं उघडायला लावत आणि त्यामागचं कारणही गंभीर चेहऱ्याने समजावून सांगत. शर्टाच्या खिशात तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्र्याची पुडी कायम. मी एकदा खवचटपणे विचारलं, "मिस्त्री, योगात खर्रा चालतो का?" ते म्हणाले, "नाही चालत. म्हून त मी बसून खातो."

तरुणपणी ते हमाल होते. पाठीवर कट्टे, म्हणजे धानाची पोती, वाहून वाहून एके दिवशी कंबरेने असा संप केला की चार महिने कारध्याला बहिणीकडे पडून राहिले. तिथे जवाहरनगरचे एक रिटायर गृहस्थ सकाळी वैनगंगेच्या काठावर फुकट योग शिकवत. त्यांनी मिस्त्रींना उभं केलं आणि यम-नियमापासून समाधीपर्यंत सगळं सांगितलं. समाधीपर्यंत ऐकायला मिस्त्रींना सवड नव्हती. त्यांनी आपल्यापुरतं एवढंच उचललं: "पह्यले श्वास, मंग मानूस, मंग मशीन. शेठ लोकं उलट्या बाजूनं मोजते."

आमचे मालक गुड्डू शेठ. बापाने मिल उभारली, मुलाने मोबाइल उचलला. दिवसातून वीसदा मिस्त्रींना फोन. आणि मिस्त्रींचा नेम असा, की कुणाच्याही प्रश्नाला तीन श्वास घेतल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पलीकडून शेठ विचारत, "मिस्त्री, गाडी किती वाजता भरून होईल?" इकडे एक श्वास. शेठ, "हॅलो?" दुसरा श्वास. "हॅलो, हॅलो, आवाज येऊन राहिला का?" तिसरा. मग मिस्त्री शांतपणे म्हणत, "चार वाजता," आणि तोवर शेठनी फोन आपटलेला असे. रेंजच्या नावाने शेठनी दोन वेळा कंपनी बदलली.

या वेडेपणात एक शहाणपण होतं, ते माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मिस्त्री माणसाचा चेहरा बघत नसत, श्वास बघत. हमालाच्या मागे जाऊन नुसते उभे राहत. एकदा एका नव्या हमालाला त्यांनी विचारलं, "आनखी दहा कट्टे होईन का?" तो म्हणाला, "हो, होईन." मिस्त्रींनी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. मी म्हटलं, तो तर हो म्हणाला होता. त्यावर ते म्हणाले, "श्वास चढलेला मानूस हो म्हनत असन त त्याले नाही समजाचं, मॅडम. तो हो त्याचं पोट म्हनते. छातीले कोनी इचारतच नाही." नेतृत्वावरची जाडजूड पुस्तकं मी नंतर चाळली. त्यातल्या एकातही हे इतक्या थोडक्यात लिहिलेलं मला सापडलं नाही.

छातीचा प्रश्न आमच्याकडे खराच होता आणि त्याचं नाव होतं भोजराज. भोजराज मेश्राम पॉलिशरवर असे. तांदूळ पांढराशुभ्र करणारं ते मशीन मऊ, बारीक कोंडा हवेत उधळतं. तो ओढून बाहेर टाकायला वर एक ब्लोअर होता. सीझनच्या सुरुवातीलाच त्याची मोटर जळाली. पूर्वी एका दमात दोन कट्टे उचलणारा भोजराज आता जिना चढला की मध्ये थांबू लागला. त्याचा खोकला कोरडा होता आणि थांबत नव्हता. मिस्त्री शेठकडे चार वेळा गेले आणि चारही वेळा "सीझन संपू द्या" ऐकून परत आले. पॉलिशरचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मिस्त्रींनी सगळ्यांना नाकाला दुपट्टा बांधायला लावला, भोजराजला दर तासाला बाहेर झाडाखाली नेऊन बसवू लागले, आणि एक अजब फर्मान काढलं: मिलच्या आत कुणी मोठा श्वास घ्यायचा नाही.

आता माझी करणी सांगायला हवी. दर महिन्याला एक तपासणीचा फॉर्म माझ्या सहीने फाइलला जाई. त्यात एक ओळ होती, ब्लोअर चालू की बंद. पहिल्या महिन्यात शेठ म्हणाले, "मॅडम, दोन दिवसांत मोटर येऊन राहिली, चालू लिहा." मी लिहिलं. दुसऱ्या महिन्यातही लिहिलं, तिसऱ्यातही. माझ्या टेबलावर खोकल्याचा आवाज येत नव्हता असं नाही. पण पहिली नोकरी होती, आणि भंडाऱ्यात बाबा गल्लीभर सांगत फिरत होते की मुलगी क्वालिटी ऑफिसर झाली. ऑफिसर 'चालू'समोर एक बारीक खूण करत होती. ती खूण करायला मला एक सेकंदही लागत नसे, याची मला आजही लाज वाटते.

त्याच दिवसांत गुड्डू शेठ कुठल्याशा डोंगरावरच्या तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. विषय होता योग आणि लीडरशिप. आले ते बदलूनच. "मी आता मालक नाही, लीडर आहे," असं त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि ते ऐकायला आम्हाला अर्धा तास उन्हात उभं केलं. मग नागपूरहून ट्रेनर बोलवायचं ठरलं. आवारात मंडप पडला, फलक लागला: 'श्वास घ्या, पुढे जा.' ऑफिसात बाई मी एकटीच, म्हणून रांगोळी माझ्याकडे आली. मिल मात्र बंद ठेवायची नव्हती. निम्मे लोक मशीनवर आणि निम्मे सतरंजीवर, असा मध्यममार्ग शेठनी काढला. भोजराज अर्थातच पॉलिशरवर राहिला.

ट्रेनर भला माणूस होता. पांढरा कुर्ता, गालापाशी माइक, आवाजात मध. मंडप मिलच्या दारासमोरच असल्यामुळे तासाभरात त्याचा कुर्ता आणखी पांढरा झाला. "डोळे मिटा," तो म्हणाला, "दीर्घ श्वास घ्या. सकारात्मक ऊर्जा आत ओढा." सगळ्यांनी डोळे मिटले, पण दीर्घ श्वास कुणीच घेईना. सगळे नाकावर दुपट्टा दाबून मिस्त्रींकडे एका डोळ्याने बघत होते.

"काका, तो कपडा काढा," ट्रेनर मिस्त्रींना म्हणाला. "मोकळा श्वास घ्या."

मिस्त्रींनी कपड्यातूनच तीन श्वास घेतले. "सर, आमच्या इथं मोठा श्वास घेवाची मनाई हाये. मीच केली हाये."

"मनाई? का बरं?"

"सांगून नाही समजनार जी. आत चला, धा श्वास घेऊन पाहा. माहा मानूस तिथं रोज आठ तास घेते."

स्टेटससाठी शेठनी कॅमेरावाला बोलावला होता, त्याचं शूटिंग चालू होतं. कॅमेऱ्यासमोर मागे हटतो तो लीडर कसला? "चला, मीच लीड करतो," म्हणत गुड्डू शेठ उठले. पॉलिशरपाशी भोजराज उभा होता, भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेला. शेठ आणि ट्रेनर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि मिस्त्री शांतपणे मोजू लागले. चौथ्या श्वासाला ट्रेनरचा मध सांडला. शेठ मालकीच्या जोरावर सहापर्यंत टिकले. मग दोघं बाहेर आले ते वाकून, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. ट्रेनरचा माइक चालू असल्याने तो सगळा खोकला स्पीकरवरून साऱ्या आवारात ऐकू गेला.

शेठना बोलता आलं तेव्हा ते ट्रेनरला म्हणाले, "आजच काहीतरी बिघडलं असेल, सर. आपला ब्लोअर चालूच असतो, रेकॉर्ड आहे. मॅडम, सांगा सरांना." आणि कॅमेरा माझ्याकडे वळला.

माझ्या हाताला अजून रांगोळी लागलेली होती. तोंड उघडून मी "हो" म्हणणारच होते. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, घाई करू नोका. तीन श्वास घ्या, मंग सांगा."

पहिल्या श्वासात नोकरी आठवली. दुसऱ्यात बाबा आणि आमची गल्ली. तिसरा मी जरा जास्तच मोठा घेतला, तो कोंडा थेट आत गेला आणि मला अशी ढास लागली की त्या दोघांमागून दारात आलेल्या भोजराजनेच पाण्याची बाटली पुढे केली. ती हातात घेऊन मी म्हणाले, "बंद आहे. तीन महिने झाले." याला कुणी धैर्य म्हणू नये. खोकताना खोटं बोलता येत नाही, एवढंच. फॉर्मबद्दल मी चकार शब्द काढला नाही, आणि शेठही काढू शकत नव्हते, कारण त्या फॉर्मातलं खोटं आम्हा दोघांचं होतं.

मिस्त्रींनी आत जाऊन मेन स्विच पाडला. भर सीझनमध्ये मिल गप्प झाली. "सरले शवासन घ्याचंच होतं ना," ते बाहेर येऊन म्हणाले, "मंग आता घेऊ." आणि ते सतरंजीवर आडवे झाले. त्यांच्या मागोमाग मशीनवरचे आले, हमाल आले, ट्रकवाले दोघे आले. ट्रेनरला गहिवरून आलं. इतका प्रतिसाद त्याला नागपुरातही मिळाला नव्हता. त्याने बासरीची धून लावली. ती संपली, पुन्हा लावली, तीही संपली. कुणी उठेना.

"मिस्त्री, किती वेळ?" शेठनी विचारलं.

मिस्त्रींचे डोळे मिटलेलेच होते. तीन श्वास झाले. "ब्लोअर येवतवर."

नवी मोटर घेऊन भंडाऱ्याहून फिटर आला तेव्हा चार वाजून गेले होते. मधे चहा झाला, तोही पडल्या पडल्या. तीन महिने जी मोटर मिळत नव्हती, ती चार तासांत आली. दुसऱ्या दिवशी शेठच्या स्टेटसवर आडव्या पडलेल्या आम्हा सर्वांचा फोटो होता, खाली ओळ: 'आमच्या कामगारांचं आरोग्य, आमची जबाबदारी.' फोटो खरंच छान आला होता.

भोजराजचा एक्स-रे मात्र छान आला नाही. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते गेलं, आता धुळीपासून लांब राहा. मिस्त्रींनी भांडून त्याला गेटवर राखणीच्या कामाला बसवलं. सीझन संपल्यावर शेठनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं, तुमचं वय झालं, आता आराम करा. मिस्त्रींनी तीन श्वास घेतले आणि या वेळी उत्तरच दिलं नाही.

निघायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. पिशवीत नटबोल्ट आवळायचे स्वतःचे दोन पाने आणि जेवणाचा डबा. मी रात्रभर ठरवून आले होते. मी म्हणाले, "मिस्त्री, त्या फॉर्मवर ब्लोअर चालू आहे असं मीच लिहीत होते."

"मालूम हाये. पह्यल्याच महिन्यात पाह्यलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा श्वास लय चढेल राहे जी, खुर्चीवर बसल्या बसल्या. भेलेल्या मानसाले दाबलं त तो आनखी खोटं बोलते. म्हटलं, आपन थांबू, थे सोता सांगन." मग त्यांनी माझ्याकडे न बघता पिशवीचे बंद सारखे केले. "चुकलो मी. थांबलो तुमच्यासाठी, अन् भोगलं भोजराजनं."

मला रडू आलं. मी म्हणाले, "मला माफ करा."

"मले कायले मांगता माफी? भोजराज गेटावर बसला हाये." एवढं बोलून ते निघाले, सानगडीच्या बाजूने, पायीच.

मी गेटवर गेले. भोजराज बाकावर बसला होता. काही न करताही त्याचा श्वास ऐकू येत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ब्लोअर बंद होता तेव्हा मी कागदावर चालू लिहीत होते, तीनही महिने. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला संपेपर्यंत मी थांबले.

"कागदावर चालू होता का?" तो म्हणाला. "मंग कागदावर मी बी ठनठनीत असन, मॅडम."