मागाच्या शेडमधली बघणारी मांजर

खासबागेतल्या आमच्या शेडमध्ये आठ पॉवरलूम आहेत. ते चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही दिवसभर डोळ्यांनी आणि हातांनी बोलतो, आणि तोंडाचं बोलणं साचत राहतं. करंट गेला की ते एकदम बाहेर पडतं. हल्ली त्यात निम्मं मांजरीचंच असतं.

मांजर पहिल्यांदा आली ती शांताक्काच्या डब्यापाशी. शांताक्का आमच्याकडं चाकावर धाग्याच्या कांड्या भरते. नवरा गेल्यापासून तिचा डबा बऱ्याच वेळा झाकण न उघडताच घरी जायचा. इथं ओरडून उपयोग नाही हे मांजरीला लगेच कळलं असावं. ती समोर बसली आणि बघत राहिली. शेवटी आक्कानं डबा उघडला, तिला तुकडा टाकला, आणि एक घास आपणही खाल्ला.

आठवड्याभरात एका डब्याचे दोन झाले! मी विचारलं, तर म्हणाली, "मागितलं असतं तर न्हाय म्हटलं असतं, आप्पा. नुसती बघतीय ओ ती."

माग चालवणाऱ्या परशरामला मांजर आवडायची नाही. एकदा तो झाडू घेऊन तिच्या अंगावर गेला. ती हलली नाही. त्याच्याकडं बघून तिनं सावकाश डोळे मिटले, सावकाश उघडले. परशराम थांबला. मग त्यानंही मिटले. असं तीन वेळा झालं. शेजारच्या मागावरच्या बसाप्पानं खुणेनं विचारलं, डोळ्यात काय गेलं?

माग थांबल्यावर परशराम म्हणाला, "कापूस गेलता."

आमच्याकडं सगळं आर्ट सिल्क चालतं. कापसाचा धागा शेडमध्ये कधी आलेलाच नाही.

बसाप्पाचं स्टूल तर तिनंच घेतलं. जरा टेकावं म्हणून तो येतो, तर ही तिथं पसरलेली. मी म्हटलं, उठीव की तिला. तो म्हणाला, "एक डोळा उघडा ठेवून झोपलीय. जागं असून झोपल्यालीला उठवणं बरं दिसत न्हाय."

पण एक दिवस पालीच्या मागं धावताना ती नव्या साडीच्या ताणलेल्या धाग्यांवर पडली. तुटलेला एकेक धागा जोडत मी दुपारभर बसलो. आमचे मालक अण्णा कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही शांतपणे म्हणाले, "आणि एकदा झालं तर काकती गावाच्या पलीकडं सोडून येणार." त्या दिवशी आक्कानं डबा उघडला नाही.

महिन्याभरानं पुन्हा तेच झालं. पुन्हा पाल, पुन्हा नवी साडी.

अण्णांचं तेव्हा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते पोतं घेऊन आले आणि सगळे माग बंद करायला लावले. परशराम माझ्या कानात म्हणाला, "आता हिचं काय चालायचं न्हाय. अण्णांचं डोळंच दिसंनात हिला." आक्का तोंड फिरवून चाकापाशी बसली. चाक फिरत नव्हतं.

अण्णांनी पोत्याचं तोंड उघडून ठेवलं. मांजर आपणहून त्यांच्यापुढं आली. वर मान करून तिनं एका काळ्या काचेत बघितलं, मग दुसऱ्या काचेत बघितलं. तिथं काही मिळालं नसावं. ती वळली, त्यांच्याकडं पाठ करून त्यांच्या पायावरच बसली आणि शेपूट गुंडाळून दाराकडं बघायला लागली.

अण्णा दोन्ही हात पसरून वाकले आणि तसेच राहिले. बराच वेळ. बसाप्पानं हळूच विचारलं, "अण्णा, कंबर धरली काय ओ?"

अण्णा सरळ झाले. पाय मात्र हलवला नाही. पोत्याची घडी करून त्यांनी ती आक्काच्या हातात दिली.

"न्हाय रं," ते म्हणाले, "माझ्याकडं पाठ करून बसलीय. अशीला पोत्यात कसं घालायचं?"