हंबीररावांनी घडवलेला सरदार

हंबीररावांच्या मिशा त्यांच्या एकूण कर्तबगारीपेक्षा मोठ्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. फलटणकडचा हा गृहस्थ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि सांगलीत हळदीच्या एका वखारीवर राखणीला लागला. फौजेतली सगळी वर्षं त्यांनी एका डेपोत ब्लँकेटं आणि पायमोजे वाटण्यात घालवली. गोळीचा आवाज ऐकला असेल तो चांदमारीच्या मैदानावर, आणि तोही लांबून. पण पेठेत कोणी 'हवालदार' म्हणून हाक मारली की ते जागच्या जागी थांबत आणि 'मेजर म्हणायचं' असं बजावत. माझं कापडाचं दुकान त्या वखारीच्या समोरच, त्यामुळे हे ध्यान मला रोज बघावं लागे.

१९७९ सालच्या उन्हाळ्यात माझा पुतण्या मदन अमेरिकेहून सुट्टीला आला. तिकडे शिकायला ठेवलेल्या पोराने काय आणावं, तर टेबलावर खेळायचा एक खेळ. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने कागदावर एक वीर उभा करायचा, फासे टाकून त्याची ताकद, अक्कल आणि धीर ठरवायचा. मग मदन सांगेल त्या जंगलातून आणि गुहेतून त्याला न्यायचं. वाटेत संकट आलं की पुन्हा फासा. वीर मेला तर मेला. रविवारी दुकान बंद असे, म्हणून आम्ही माझ्या कापड मोजायच्या टेबलावर बसू लागलो. मी आपला एक वैद्य केला. तो कुणाला मारत नसे आणि दिवस मावळल्यावर जेवत नसे. मदन हसला, पण चालेल म्हणाला.

हंबीररावांना मी बोलावलं नव्हतं. लढाई हा शब्द कानावर पडला आणि ते आपणहून आत आले, खुर्ची ओढून बसले.

त्यांच्या तरुणपणी एका साप्ताहिकात सरदार सुभानजी रणपिसे नावाच्या वीराची गोष्ट दर आठवड्याला येत असे. सगळी कल्पनेतली. पण हंबीरराव त्या सुभानजीबद्दल असं बोलत, की जणू त्याला पायमोजे ह्यांनीच दिले असावेत. खेळासाठी त्यांनी तोच घडवायला घेतला. पांढरी घोडी घेतली, दुधारी तलवार घेतली, आरोळी घेतली. मिशा तर न विचारता घेतल्या. गोष्ट मीही वाचली होती. त्यातला सुभानजी कुठलीही अनोळखी नदी आली की आधी आपली घोडी पाण्यात घालायचा आणि मग माणसांना बोलवायचा. तेवढं मात्र ह्यांनी घेतलं नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, सरदार मेल्यावर फौजेनं काय करायचं?

ताकदीचे फासे टाकले ते जेमतेम सात पडले. 'हे सांडलं, धरायचं न्हाई,' म्हणाले आणि परत टाकले. पुन्हा कमी पडले, पुन्हा सांडले. मनासारखे पडेपर्यंत ह्यांचे फासे सांडतच होते. मदनने वयाचा मान राखून शेवटचा आकडा लिहून घेतला. मला मात्र लाज वाटत होती, त्यांच्या वतीने. अशा रीतीने एकही उणीव नसलेला सरदार तयार झाला. असला माणूस मी पेठेतल्या भाषणांत ऐकला आहे, भेटला कधीच नाही.

सरदाराबरोबर चार माणसं हवीत, आणि त्यांना नावं द्या, म्हणजे खेळात जीव येतो, असं मदनने सांगितलं. हंबीररावांनी विचार न करता तोंडाला येईल ते पहिलं नाव सांगितलं, सयाजी.

सयाजी हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मिरजेच्या एका कारखान्यात लेथवर नुकताच लागला होता. मशीनवर जीव होता पोराचा. लेथवर निघालेले लोखंडाचे चकचकीत छिलके खिशात घालून आणायचा आणि आईला दाखवायचा. पण बापाने हुकूम सोडला होता, की सोमवारी काम सोडायचं आणि साताऱ्याला भरतीला उभं राहायचं. आपल्याला जे मिळालं नाही ते पोराच्या अंगावर चढवून बघायची ह्यांना हौस. आई राहीबाई महिनाभर नवऱ्याला विनवत होत्या. त्यांचा भाऊ जोतीराम एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. फौजेला त्या नावं ठेवत नसत. पोराला मनापासून जायचं असतं तर त्यांनी औक्षण करून पाठवलं असतं, हे त्या माझ्या बायकोजवळ बोललेल्या होत्या.

भरतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, खेळ गुहेपाशी आला होता. आत अंधार होता, काहीतरी घुरघुरत होतं. पुढे कोण, असं मदनने विचारलं. राहीबाई डबा घेऊन त्याच वेळी दारात आल्या. हंबीररावांची पाठ दाराकडे होती.

"सयाजीला फुडं घाला," ते म्हणाले. "सरदार मागनं इल."

मदनने फासा टाकला. एक पडला. सयाजी गेला, असं त्याने हळूच सांगितलं.

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "जाऊ द्या. दुसरा घ्या."

हा फासा सांडला, असं ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होतो.

राहीबाईंनी डबा टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही, पदरही सावरला नाही.

"जोतीराम सवताच्या मनानं गेला हुता. त्याला कुनी मागनं ढकललं न्हवतं. तुमचा सरदार जाऊ द्या आत, आवं. माजा सयाजी उद्या मिरजंला कामावर जानार."

एवढं बोलून त्या गेल्या. उठून त्यांच्यामागे जावं की नाही, हे हंबीररावांना कळेना. शेवटी त्यांनी फासा उचलला आणि हे सांडलं हुतं, परत टाकतो, असं म्हणाले. सगळ्यांच्या वयाचा मान राखणारा मदन तेव्हा पहिल्यांदा उलटून बोलला.

"काका, पडला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

सोमवारी सकाळी सयाजी मिरजेच्या गाडीत बसला. राहीबाई स्टँडपर्यंत गेल्या होत्या. त्यांच्या घरात पुढे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. हंबीररावांनी मात्र दोन दिवस पेठेत कोणाला मेजर म्हणायला सांगितलं नाही. मला वाटलं, चला, काहीतरी आत शिरलं असेल.

पुढच्या रविवारी ते वेळेवर आले. सरदाराचा कागद घडी करून खिशात ठेवला होता, तो उलगडून टेबलावर पसरला. गुहा तशीच होती, घुरघुर तशीच होती. मदनने विचारलं, पुढे कोण?

हंबीररावांनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्या बारीला आपलं शेट जाऊ द्यात," ते म्हणाले.

मी फासे गोळा करून मदनच्या हातात दिले आणि टेबल रिकामं करायला सांगितलं. रविवार असला तरी मला कापड मोजायचं होतं.