बाबांसाठी वाचलेली कॉमिक्स

बाबांचे डोळे शुगरने खाल्ले. ते आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होते, जहाजांच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. परतताना टॅक्सीत आई रडली. बाबा एवढंच म्हणाले, "ऑफिसात कोणाला कळू द्यायचं नाही." मी तेव्हा पंधरा वर्षांची होते.

त्याच महिन्यात मुहर्रकच्या बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना कॉमिक्सचा गठ्ठा मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कॉमिक्स. एकेका अंकात सात-आठ गोष्टी: एक उडणारा वीर, एक वैमानिक, एक पाणबुडीवाला, एक जंगलात खजिना शोधणारा. कागद पिवळा पडला होता, कडा हातात तुटून यायच्या. बाबांनी गठ्ठा छातीशी धरून घरी आणला. त्यांच्या लहानपणी कामठीला वडील छावणीच्या गोदामात हमाली करायचे आणि गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेले असे अंक घरी आणायचे. बाबा इंग्रजी शिकले ते त्या अंकांवरच.

भिंग लावूनही अक्षरं जुळेनात, तेव्हा दर शुक्रवारी सकाळी ते मला समोर बसवू लागले. इंग्रजी मी भरभर वाचायचे. पण त्यांना चित्रं हवी असायची.

"काय करतोय तो, सांग नं."

"ही इज जम्पिंग, बाबा."

"अगं, कुठून? कशी उडी घेतली? मराठीत सांग."

माझी मराठी स्वयंपाकघरापुरती. मी कंटाळून काहीतरी ठोकून द्यायचे.

एका शुक्रवारी जंगलातली गोष्ट चालली होती. वीर पुढे, मागे दारूगोळ्याच्या पेट्या.

"पेट्या कोण उचलतंय?" बाबांनी विचारलं.

मी पाहिलं. काळी कुळकुळीत माणसं, जाड ओठ, बटबटीत डोळे, सगळी एकसारखी, कमरेत वाकलेली. एकाच्याही तोंडी वाक्य नव्हतं.

"सोल्जर्स," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "सोल्जर नाहीत, बेटा. हमाल आहेत. हा अंक मी लहानपणी पाहिलाय."

"सॉरी, बाबा."

"तेव्हा मी प्रत्येक पानावर आपल्यासारखं कोणी आहे का, ते शोधायचो. एवढेच सापडले." मग म्हणाले, "वाच पुढे."

मी वाचलं. पूल उडाला. हमाल पेट्यांसकट दरीत पडले आणि पुढच्या चौकटीत वीर कमरेवर हात ठेवून हसत होता. ते पडले हे मी सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही. त्यानंतर कुठल्याच शुक्रवारी त्यांनी मला बसवलं नाही.

दोन महिन्यांनी त्यांच्या एका ड्रॉइंगमध्ये तीनचा आठ झाला. केलेलं काम फेकून द्यावं लागलं. साहेब रागावला नाही, उलट फार हळू बोलला, असं बाबांनी सांगितलं. व्हिसा पुढे वाढला नाही. "खलास," बाबा आईला म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सामान बांधताना आईने विचारलं, ही कॉमिक्स न्यायची का? बाबा म्हणाले, "कशाला?" आम्ही गठ्ठा दाराबाहेर ठेवला. दुपारी तो तिथे नव्हता.

नागपूरला वर्षाच्या आत उरलीसुरली नजरही गेली. मी तिथे कॉलेजात जाऊन मराठी नीट शिकले, आता कुठलंही चित्र मी त्यांना सांगू शकले असते. मी दोनदा विचारलं, "बाबा, काही वाचून दाखवू?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "तुझा अभ्यास कर." दिवसभर ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. मी जवळ जाऊन बसले, की चेहरा माझ्याकडे वळवून विचारायचे, "कोण आहे?"