नवारीचा पट्टा

माझ्या लेकीच्या हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. ती माझ्यामुळे आहे, आणि कित्येक महिने मी तिचा दोष बायकोच्या माथी मारला.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. आमच्या इमारतीत गाडी फक्त माझ्याकडे होती. जुनीच, दोन मालकांनी वापरलेली. सीटवर बांधून बसायचे पट्टे तिला नव्हतेच, आणि तेव्हा ते कोणी विचारतही नसे. मुलं पुढे आईच्या गुडघ्यांशी उभी राहत. आमची चार वर्षांची लेकही तशीच.

बायकोला ते पटत नसे. तिने जुन्या खाटेची नवार दुहेरी करून दाभणाने शिवली, मागच्या सीटच्या लोखंडी दांडीतून ओवली आणि लेकीला कमरेशी बांधून बसवलं. लेक खुशीत होती. गेटवरचा शेजारी मात्र खिडकीत डोकावला.

"काय साहेब, बकरी विकायला काढली काय?"

मीही हसलो. पुढच्या रविवारी निघण्याआधी पट्टा सोडून डिकीत टाकला आणि लेकीला पुन्हा पुढे, आईच्या गुडघ्यांशी उभं केलं.

"अहो, एवढ्याशा हसण्याला काय घाबरायचं?" बायको म्हणाली. माझ्या ब्रेकवर माझा भरवसा आहे, असं मी तिला ऐकवलं.

पावणे गावाजवळ एक टेम्पो कारखान्याच्या फाटकातून अचानक रस्त्यावर आला. ब्रेक लागले, अगदी चोख लागले. बायकोने हात टाकेपर्यंत लेक समोरच्या डॅशबोर्डवर हनुवटीने आपटली होती.

दवाखान्यात सासू-सासरे धावत आले. कसं झालं, असं सासऱ्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, पोरीला घट्ट धर म्हणून हिला बजावलं होतं. मी तसं काहीच बजावलं नव्हतं. सासूबाई तिला खूप बोलल्या. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

त्यानंतर ती गाडीत बसली नाही. लेकीला घेऊन बसने जाई. मी एका वर्कशॉपमध्ये जाऊन भंगारातल्या गाडीचे पट्टे मिळवले, मागच्या सीटला पक्के बसवून घेतले आणि तिला दाखवायला खाली बोलावलं. तिने एक पट्टा ओढून पाहिला. चांगला बसलाय म्हणाली, आणि पिशवी घेऊन बसस्टॉपकडे निघाली. तिला गाडीची नाही, माझी भीती वाटत होती, हे तेव्हा कुठे मला कळलं.

दिवाळीला मी एकटा गाडीने सासुरवाडीला गेलो, त्या दोघी बसने आल्या. परतताना तिघंही गाडीतून आलो, लेक मागे पट्टा लावून गाणी म्हणत होती. पण ते नंतरचं. आधी, सगळे फराळाला बसल्यावर, मी ताट बाजूला सारलं.

"बाबा, त्या दिवशी मी खोटं बोललो. हिने पोरीला नीट बांधलं होतं. लोक हसले म्हणून मी सोडलं."

मी बायकोकडे वळलो.

"माझं चुकलं. पोरीला लागलं ते माझ्यामुळे, आणि तुला सगळ्यांसमोर बोलणी बसली तीही माझ्यामुळे. मला माफ कर."