नळीमागची खाच

आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत आलो. नेरूळच्या एका बिल्डर शेठने यांना अंगरक्षक म्हणून ठेवलं, ते यांच्याकडे स्वतःचं लायसनचं रिव्हॉल्वर होतं म्हणूनच. ते फार हलकं होतं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला खेळण्यातलं वाटलं.

खंडेनवमीला पूजेत मांडायचं म्हणून हे दरवर्षी ते पॉलिश पेपरने घासत बसायचे. जड पोलादी बंदुकांवर बसलेला हात तो. काळा रंग जाऊन आतलं पांढरं चमकायला लागलं की यांना बरं वाटायचं.

गेल्या खंडेनवमीला कुंकू लावताना माझ्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. नळी सुरू होते तिथं, वरच्या पट्टीवर, उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली होती. गोळ्यांचं चाकही हलत होतं.

"अहो, हे बघा."

यांनी पाहिलं. जेवले नाहीत.

दसरा झाल्यावर बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. म्हातारा माणूस. बघताक्षणी म्हणाला, "फौजी, घासलंत कशानं हे?"

"पॉलिश पेपरनं."

"अहो, हे पोलाद नाही. वहिनींच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याचं भावंड आहे. वरचा थर याला आगीपासून सांभाळतो. तो तुम्ही काढलात. मग सरावाच्या प्रत्येक बाराला आगीनं धातू खाल्ला."

"नीट होईल?"

"नाही. आता उडवू नका. फुटलं तर पहिला हात तुमचा जाईल."

रस्त्यात मी म्हटलं, "शेठला सांगा."

"सांगितलं की उद्यापासून घरी. नुसतं कमरेला दिसलं तरी पुरतं."

काही महिने पुरलं. मग कामोठ्यात जागेवरून भांडण झालं, माणसं सळया घेऊन शेठच्या गाडीवर आली. यांनी रिव्हॉल्वर रोखलं, पण चालवलं नाही. हे उडवत नाहीत हे त्यांना कळलं. यांचा हात मोडला, शेठचं डोकं फुटलं.

शेठ खोलीवर आला, पट्टी बांधलेलीच होती. "हत्याराचं लायसन कशाला दिलंय सरकारनं? पूजेला? घाबरलास ना?"

मी चहा घेऊन उभी होते. खरं काय ते तोंडाशी आलं होतं. यांनी माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली.

"हो शेठ. घाबरलो."

शेठ चहा न घेता गेला. मी विचारलं, "खरं का नाही सांगितलं?"

"भित्रा म्हणू दे. खराब हत्यारावर पगार घेतला म्हणाला असता, ते नको."

शेठने यांना कामावरून काढलं आणि फौजी घाबरला असं सगळीकडे सांगितलं. हात जुळून आला, पण यांना अजून कुणी कामाला बोलावलेलं नाही.