गाल फुगवा

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत अंथरुणाला खिळलेल्यांची दाढी करायला एक न्हावी दर बुधवारी येतो. त्याचं नाव कुणी विचारत नाही. अप्पांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, तो एवढंच बोलायचा, "अप्पा, गाल फुगवा."

शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "तो हे म्हणायचा थांबला ना, की समजून जायचं." मी हसलो होतो.

"केमो पुरे, आता हॉस्पिसमध्ये न्या, दुखणं तरी कमी होईल," असं डॉक्टर दोनदा म्हणाले. मीच अडून बसलो.

काल त्याने न बोलता अप्पांच्या तोंडात बोट घातलं, गाल आतून ताणला आणि वस्तरा फिरवला.

"अरे, फुगवा म्हण ना त्यांना!" मी ओरडलो.

त्याने मान वर केली नाही. शांतपणे बोट पुसलं. डोळे उघडले ते अप्पांनी.

"त्याला कळलंय रे," ते म्हणाले. "तुला कधी कळणार?"